एक नंबर मोठा बूट घेऊ का?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

पुण्यातल्या चाळिशी ओलांडलेल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. गेल्या हिवाळ्यात त्या कोलाडला कुंडलिका नदीवर कयाकिंग, म्हणजे वरून बंद असलेली एकट्याची अरुंद बोट वल्हवणं, शिकू लागल्या आणि ते त्यांना मनापासून आवडलं. आता नोव्हेंबरमध्ये ऋषिकेशला आठवडाभराचं शिबिर आहे आणि अडलं आहे ते बुटांपाशी. त्यांचं डावं पाऊल २४.३ सेंटिमीटर, उजवं २४.८, आणि चवडा रुंद. बायकांचा सहा नंबर चवड्याला आवळतो, सात नंबर टाचेला ढिला होतो. कोलोरॅडोत राहणाऱ्या धाकट्या भावाने स्वतःचे निओप्रीनचे (फेसासारख्या मऊ रबराचे) बूट पाठवले आहेत. ते अमेरिकी मापात पुरुषांचे नऊ नंबर आहेत. "दोन जाड मोजे घाल, बसतील," असं त्याचं म्हणणं. क्लबच्या बोटीत बुटांसकट पाय मावत नाहीत, म्हणून बरोबरची मुलं अनवाणीच बसतात. एकदा याही तशाच उतरल्या आणि काठावर येताना अंगठ्याचं नख उलटलं. राफ्टिंगवाला एक ओळखीचा गाइड म्हणतो, पट्ट्यांचे सँडल पुरेत. चांगले बूट महाग आहेत आणि हा नाद पुढे टिकेल का, हे त्यांनाही ठाऊक नाही. शेवटी त्या लिहितात, "बुटांसारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी शिक्षकांना किती वेळा विचारायचं, याचा संकोच वाटतो. एक नंबर मोठा घेऊन मोकळी होऊ का?"

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

नाही, एक नंबर मोठा घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, कारण शिबिर जवळ आलं आहे आणि तुम्ही कदाचित आजच दुकानात जाल. दोन जाड मोजे घालून भावाचे बूटही वापरू नका.

आता संकोचाबद्दल. खळाळत्या पाण्यात कयाक चालवायला शिकवणाऱ्या माणसाला पायांविषयीचा प्रश्न कधीच क्षुल्लक वाटत नाही. बोट उलटली आणि रोल, म्हणजे आत बसल्या बसल्या ती पुन्हा सरळ करणं, जमला नाही, तर स्कर्टची (कमरेभोवती बसून बोटीचं तोंड झाकणाऱ्या आवरणाची) दोरी ओढून पाण्याखालीच बोटीतून बाहेर पडावं लागतं. सगळ्यात शेवटी बाहेर येतात ते पाय. ते अडखळता कामा नयेत, ही शिक्षकाची पहिली काळजी असते. म्हणून हेल्मेट आणि लाइफ जॅकेटबद्दल जितक्या मोकळेपणाने विचारता, तितक्याच मोकळेपणाने बुटांबद्दल विचारा, आणि उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारा.

तुमच्या पत्रात एक गृहीतक दडलेलं आहे. तुम्ही, तुमचा भाऊ आणि क्लबमधली मुलं, सगळेच बुटांचा विचार 'बोटीत बसल्यावर कसं वाटेल' या अंगाने करता आहात. पण बोटीत बसल्यावर बुटाला फारसं काम नसतं. टाचा एकमेकींकडे, चवडे बाहेर वळवून फूट पेगवर (बोटीतल्या पाय टेकायच्या खुंट्यांवर) टेकलेले, गुडघे फाकवून मांड्यांच्या आधाराखाली अडकवलेले, एवढंच. बुटाची खरी गरज बोटीबाहेर लागते. बोट सुटल्यावर दगडांमधून वाहत जाताना, ओल्या कातळावर चढताना, एखादा रॅपिड (खळाळत्या पाण्याचा अवघड टप्पा) टाळण्यासाठी वीसेक किलोची बोट खांद्यावर घेऊन काठाकाठाने चालताना. तुमचं नख कुठे उलटलं ते आठवा. काठावर येताना. बोटीत ते अगदी सुरक्षित होतं.

हे एकदा पटलं की मोठ्या मापातला धोका आपोआप दिसतो. पोहत असताना सैल बुटात पाणी भरतं आणि प्रवाहाचा एखादा झटका त्याला पायातून काढून नेतो. मग उरलेली वाट एका अनवाणी पायाने. बूट पायात राहिला तरी ओल्या दगडावर पाऊल टेकल्यावर आतला पाय आधी सरकतो आणि सोल मागाहून, आणि घोटा मुरगळतो तो त्याच क्षणी. बोटीत तर आणखी वाईट, कारण बुटाचं रिकामं टोक पेगच्या कडेला दुमडून अडकू शकतं. शाळेचे बूट 'वाढत्या पायाचे' म्हणून एक नंबर मोठे घ्यायची आपल्याकडे घराघरात रीत होती आणि ती आपल्या हातांत इतकी मुरलेली आहे की मोठं माप म्हणजे शहाणपण असं वाटत राहतं. नदीवर ही रीत सोडून द्यावी लागते.

भावाचे बूट त्याच्यासाठी अगदी बरोबर असणार. तो कोलोरॅडोत असतो. तिथल्या आर्कन्सॉसारख्या नद्यांना वितळलेल्या बर्फाचं पाणी येतं, म्हणून अनेक जण ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा अंगभर पोशाख, घालतात. त्या सूटला खाली कापडी किंवा रबरी मोजे जोडलेले असतात, त्यांच्या आत लोकरीचे मोजे, आणि या सगळ्यावरून बूट चढवायचा असतो. म्हणून तिकडचे लोक मुद्दाम मोठा नंबर घेतात. त्यानेही तसंच केलं असेल, तर ते बूट नुसत्या पायावर त्याला स्वतःलाही मोठेच होत असतील. अमेरिकी पुरुषांचा नऊ म्हणजे आपला साधारण आठ. तुमच्या पायापेक्षा ते दोन नंबरांनी मोठे आहेत आणि आपल्याकडच्या एका नंबरात एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. दोन नंबर म्हणजे सतरा मिलिमीटर. एवढी पोकळी मोज्यांनी भरत नाही.

भरायचा प्रयत्न केलात तर उलटाच परिणाम होईल. सुती मोजे पाणी धरून ठेवतात, आत गोळा होतात आणि पायाला फोड आणतात. दोन थर कोंबून पाऊल आवळलं गेलं की बोटांकडचं रक्त कमी होतं आणि पाय अधिकच गारठतात. निओप्रीनचं काम कसं चालतं, हेही इथे समजून घ्या. ते पाय कोरडा ठेवत नाही. आत शिरलेला पाण्याचा पातळ थर तिथेच अडकून राहतो, अंगाच्या उबेने तापतो आणि रबरातले वायूचे बारीक बुडबुडे ती ऊब धरून ठेवतात. बूट सैल असेल तर प्रत्येक हालचालीबरोबर ते कोमट पाणी बाहेर जातं आणि नवं गार पाणी आत येतं. म्हणजे उबेसाठीसुद्धा घट्टच माप हवं. पाय ओले होणार, हे मात्र एकदाचं मान्य करून टाका. कोरडे पाय ठेवण्याच्या नादात गमबूट किंवा जाड वॉटरप्रूफ ट्रेकिंग बूट घेणारेही मी पाहते. त्यात पाणी एकदा शिरलं की निघायला वाट नसते.

आता तुमच्या मापाकडे येऊ. 'सहा आवळतो, सात ढिला होतो' हे लिहिताना तुमचा सूर असा आहे, जणू तुमचं पाऊलच काहीतरी चुकीचं आहे. तसं नाही. २४.८ सेंटिमीटरचं पाऊल म्हणजे सरळ सरळ सहा नंबर. नंबर लांबी सांगतो, रुंदी सांगत नाही. आपण पिढ्यानपिढ्या ब्रिटिश मापांचे बूट वापरत आलो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावलं त्रिमितीय यंत्रांनी मोजली. आपली पावलं युरोपीय आणि अमेरिकी पावलांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असतात, असं त्यातून दिसलं. त्यावरूनच 'भा' नावाची भारतीय मापांची पद्धत सुचवली गेली. रुंदी कमी पडली की आपण लांबी वाढवतो आणि मग टाच ढिली होते. तुमच्यासारख्या हजारो बायका रोजच्या चपलाबुटांतही हेच करत असतात.

यावरचा उपाय सोपा आहे. बायकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बुटांचा नाद सोडा. नदीवरचे बरेचसे बूट स्त्री-पुरुष दोघांसाठी एकाच साच्यावर बनतात आणि पुरुषांचा साचा त्याच लांबीला चवड्यात रुंद असतो. तुम्ही पुरुषांचा किंवा सामाईक सहा नंबर बघा. अमेरिकी पाटी असेल तर पुरुषांचा सात, युरोपीय असेल तर ३९ किंवा ४०. हे आकडे कंपनीगणिक थोडे सरकतात, म्हणून शेवटी भरवसा ठेवायचा तो कंपनीने दिलेल्या सेंटिमीटरच्या तक्त्यावर.

माप घेताना संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. जाड कागदावर पूर्ण वजन टाकून उभं राहा, पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्या कुणाकडून रेघ मारून घ्या. खाली वाकून स्वतःच मारलीत तर वजन हलतं आणि रेघ चुकते. दोन्ही पावलांची लांबी आणि चवड्याची सगळ्यात रुंद जागा मोजा आणि बूट मोठ्या पावलाच्या, म्हणजे तुमच्या बाबतीत उजव्याच्या मापाने निवडा. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक निओप्रीनमध्ये सहज निभतो. तरीही डावा सैल वाटलाच तर फक्त त्या पायात निओप्रीनचा पातळ मोजा घाला. एकाच पायात मोजा घालण्यात काहीही गैर नाही.

दुकानात निओप्रीनचा बूट पायात घातल्यावर तो जरा आवळल्यासारखा वाटला पाहिजे. बोटं पुढे हलकेच टेकावीत, पण दुमडू नयेत. टाचेमागे हवेची पोकळी नको. हे रबर वापराने आणि पाण्याने सैल पडतं. दुकानात 'काय आरामशीर आहे' असं वाटणारा जोड काही आठवड्यांत ढिला झालेला असतो. रबराऐवजी जाळीच्या कापडाचा, लेसचा बूट घेत असाल तर मात्र तो फारसा ताणला जात नाही. त्यात बोटांपुढे अगदी थोडी जागा ठेवा, कारण ओले पाय घेऊन उतारावरून चालताना बोटं पुढे सरकतात.

मग दुकानाच्या फरशीवर बसा. लोक बघतील, बघू द्या. पाय पुढे घेऊन टाचा जवळ आणा, चवडे बाहेर वळवा, गुडघे फाकवा आणि पाऊल पुढे ताणून चवड्याने भिंत दाबा. बोटीतली बैठक ती हीच. घोट्याच्या पुढे कापडाची घडी रुतते का, मागे टाचेच्या शिरेवर वरची कड घासते का, सोलची जाड टाच पाय वर उचलून धरते का, हे इथेच कळतं. उभं राहून, चालून बघण्यात हे काहीच कळत नाही आणि बहुतेक जण तेवढंच करतात. शेवटी बरोबरच्या माणसाला टाच धरून बूट ओढायला सांगा. नाडी किंवा वेल्क्रो लावलेला असताना तो सहज निघाला, तर नदी त्याला आणखी सहज काढेल. घरी आणल्यावर लेबल न काढता बादलीभर पाण्यात पाय भिजवून हीच ओढाताण पुन्हा करायला मी सांगितलं असतं, पण भिजवलेला जोड दुकानदार परत घेईलच असं नाही, तेव्हा ते आधी विचारून घ्या.

बोटीत पाय मावत नाहीत, हा प्रश्न बुटांचा आहे असं तुम्ही धरून चालला आहात. मला तो बोटीचा वाटतो. क्लबमध्ये बहुतेक वेळा खेळायच्या लहान बोटी असतात, ज्यांचं नाक मुद्दाम चपटं ठेवलेलं असतं, म्हणजे ते पाण्याखाली दाबून कसरती करता येतात. तिथे पावलांसाठी जागाच नसते. तशा बोटीत खेळणारे अनुभवी लोक पातळ निओप्रीनचे मोजे घालतात, काही अनवाणीही बसतात. तलावात किंवा पोहण्याच्या टाकीत ते चालून जातं. पण शिकणाऱ्या माणसाला वाहत्या नदीवर अशी बोट देणं मला पटत नाही. तुम्ही सतत पोहणार आहात आणि सतत काठावर चढणार आहात. तुम्हाला नदीतून उतरण्यासाठी बनवलेली, पुढे उंची असलेली बोट हवी. ऋषिकेशच्या शिबिरवाल्यांना आजच लिहा. उंची, वजन आणि पावलाचं माप कळवा आणि बुटांसकट पाय मावेल अशी बोट मिळेल ना, हे विचारा. पेग पुढे-मागे सरकतात, काही बोटींत पुढच्या आधारावरचा फोम काढता येतो. एका बोटीत बसला नाहीत तर दुसरी मागा.

बोटीत बसल्यावर पायांचा आधार कसला आहे, तेही हाताने चाचपून बघा. दोन बाजूंना दोन छोटे पेग असतील तर मऊ, निमुळत्या बुटाचं पाऊल दणक्याने पेगच्या पुढे निसटून अडकण्याची शक्यता असते. पावलांना पूर्ण भिंतीसारखा आधार असेल तर ती भीती राहत नाही, आणि बोटीचं नाक दगडावर आपटलं तर धक्काही सगळ्या तळव्यावर वाटला जातो. इथे थोडा कणखर सोल असलेला बूट पायाला वाचवतो. नुसत्या मोज्यासारखा बूट असेल तर सगळा मार घोट्यावर येतो.

नवे बूट घेतल्यावर पहिल्याच दिवशी, शांत पाण्यात, शिक्षक शेजारी उभे असताना बोट उलटवून बाहेर पडायचा सराव करा. अगदी त्याच बुटांनी. पूर्वी जमलं होतं म्हणून सोडून देऊ नका. तेव्हा तुम्ही अनवाणी होता, आता पावलाची लांबी-जाडी बदलली आहे. एकदाही पाय अडकल्यासारखा वाटला, तर तो बूट त्या बोटीसाठी नाही.

सँडलबद्दल त्या गाइडदादांचं म्हणणं त्यांच्या जागी योग्यच आहे. राफ्टवर माणूस वर मोकळा बसलेला असतो, पाय कुठे कोंडलेले नसतात. तुमचे पाय बंद नाकाच्या आत, पेगला लागून असतात. तिथे सँडलचा सुटा पट्टा किंवा बक्कल पेगमध्ये अडकू शकतं. शिवाय बोटं उघडी राहतात, आणि तुमचं नख तर आत्ता कुठे वाढत असेल. तळव्याखाली वाळू आणि खडे शिरले की चालणंही कठीण होतं. क्रॉक्स आणि स्लिपरचं नावच नको. रोजचे धावायचे बूटही नकोत. त्यांचा फुगीर सोल आणि स्पंज पाणी पिऊन जड होतात आणि टाच इतकी उंच असते की बोटीत पाय नीट टेकत नाहीत.

मग घ्यायचं काय? तुमची पुढची वाट अजून ठरलेली नाही हे लक्षात घेऊन सांगते. माझी पहिली पसंती घोट्यापर्यंत येणाऱ्या, ३ मिलिमीटर जाडीच्या निओप्रीनच्या बुटाला, पण सोल चांगला असलेल्या. सोल हातात धरून पिळून बघा. तो वाकला पाहिजे, पण अणकुचीदार दगड तळव्याला टोचेल इतका पातळ नको. रबर मऊ हवं, नख दाबलं तर क्षणभर खूण उमटेल असं. कडक, चकचकीत सोल ओल्या कातळावर घसरतो. अंगठ्यापुढे आणि टाचेला रबराचा जाड पट्टा असेल तर उत्तम. चेनपेक्षा वेल्क्रो किंवा आत खोचता येणारी नाडी बरी, कारण चेनमध्ये गंगेची बारीक रेती बसली की ती जाम होते. नाडी असेल तर दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचायची. खाली लोंबणारा एकही फास नको.

ॲस्ट्रल, एनआरएस यांसारख्या कंपन्यांचे खास नदीसाठी बनवलेले बूट मिळतात. त्यांचं रबर ओल्या दगडावर छान धरतं, पण आपल्याकडे मागवायला ते महाग पडतात. पहिल्या शिबिरासाठी एवढा खर्च करायलाच हवा असं मला वाटत नाही. डेकॅथलॉनसारख्या ठिकाणी मिळणारे ॲक्वा शूज स्वस्त आणि लहान बोटीतही मावणारे असतात. पण बहुतेकांचा सोल पातळ असतो आणि टाच सहज निघते. समुद्रकिनारा आणि शांत पाणी यासाठी ते ठीक, दगडांच्या नदीवर ते अपुरे पडतात. निओप्रीनचा बूट मिळालाच नाही, तर मी ॲक्वा शूजपेक्षा शाळेत पीटीला घालायचे तसले साधे, नाडीचे कॅनव्हासचे बूट घ्यायला सांगेन. पायाबरोबर घट्ट बसणारे, पातळ रबरी सोलचे. आतली जाड गादी काढून टाका. त्यांना ऊब नसते आणि फार टिकतही नाहीत, पण बोटं झाकतात, पायातून निघत नाहीत आणि पाणी लगेच सोडतात. थंडीसाठी आत निओप्रीनचा पातळ मोजा घालणार असाल तर तो मोजा पायात चढवूनच कॅनव्हासचं माप घ्या. आठवडा संपेपर्यंत हा नाद टिकणार की नाही हे तुमचं तुम्हाला कळेल. मोठा खर्च करायचा असेल तर त्यानंतर करा.

पाणी कोणतं, यावरही बरंच ठरतं. कुंडलिकेचं पाणी म्हणजे मुळशी धरणातलं पाणी. सह्याद्री उतरून ते भिऱ्याच्या वीज केंद्रात जातं, जे १९२७ पासून चालू आहे, आणि वीज करून झाली की नदीत सोडलं जातं. ते सुटतं तेव्हा नदी भरते आणि ओसरल्यावर शेवाळलेले काळे धोंडे उघडे पडतात. तिथे उबेची चिंता नसते, चिंता घसरण्याची. शेवाळावर कोणताही सोल खात्रीने धरत नाही, कितीही महाग असला तरी. तिथे बसत, हात टेकत उतरायचं. ऋषिकेशला गंगेवर जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग बंद असतं आणि पावसाळा सरल्यावर हंगाम पुन्हा सुरू होतो. नोव्हेंबरपर्यंत पाणी नितळ आणि चांगलंच गार झालेलं असतं. ऊन असलं तरी पाय तासन्‌तास त्या पाण्यात राहतात. म्हणून तुमच्यासाठी निओप्रीनचा आग्रह. फक्त पावसाळ्यात कोकणात किंवा केरळात उतरणाऱ्यांना त्याची तितकी गरज नाही. त्यांनी पाणी लगेच सोडणारा, मजबूत सोलचा बूट घ्यावा. पण अनवाणी मात्र अजिबात उतरू नये. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्याचे जंतू जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या जखमेवाटे अंगात शिरतात. तुमचं नख पूर्ण भरून आलेलं नसेल तर डॉक्टरांना दाखवूनच पाण्यात उतरा.

आता ज्या गोष्टीचं मला सगळ्यात जास्त वाटतं ती सांगते. चांगला बूट पायात आला की माणसाला उभं राहावंसं वाटतं. बोट सुटली आहे, पाय तळाला लागत आहेत, दगडही दिसत आहेत, मग उभं राहून काठाला चालत जावं असं मन म्हणतं. वाहत्या पाण्यात, गुडघ्याच्या वर पाणी असताना, हे कधीही करू नका. पाऊल दोन दगडांच्या फटीत सापडलं तर मागून येणारं पाणी अंगाला पुढे ढकलून खाली दाबतं, आणि लाइफ जॅकेट असूनही डोकं पाण्याखाली राहू शकतं. यापासून कोणताही बूट वाचवत नाही. उलट जाडजूड बूट फटीत जास्त घट्ट बसतो. पाठीवर राहायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने, बोटं पाण्याबाहेर दिसतील इतकी वर. संधी दिसली की पालथं होऊन जोरात हात मारत काठाजवळच्या शांत पाण्यात शिरायचं. पाणी गुडघ्याखाली येईपर्यंत किंवा प्रवाह थांबेपर्यंत उभं राहायचं नाही. तुमचे शिक्षक हे शिकवतीलच. त्यांनी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा, आणि तेव्हा तरी संकोच करू नका.

देखभालीचं थोडक्यात. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने आतून धुवा, रेती झटका, सावलीत उलटे टांगा. कडक उन्हात निओप्रीन आणि सोलचा डिंक दोन्ही खराब होतात. दमट हवेत आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ते बदलत राहा. बूट काढल्यावर लगेच पाय पुसून बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नाहीतर आठवड्याच्या शिबिरात तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिखल्या होतात आणि मग सगळ्यात चांगला बूटही पायात घालवत नाही. संध्याकाळसाठी सपाता किंवा चपला वेगळ्या न्या, म्हणजे पायांना रोज काही तास मोकळी हवा मिळेल.

राहता राहिला तुमचा भाऊ. त्याने प्रेमाने पाठवलेले बूट परत करताना त्याला वाईट वाटेल, ही तुमची भीती मला पत्रातून जाणवली, जरी तुम्ही ती थेट लिहिलेली नाही. त्याला बूट परत देऊ नका, तुमच्या दोन्ही पावलांची रेखाटनं पाठवा. चवड्याची रुंदी लिहा, बोट कोणती असेल तेही सांगा. नदीवरच्या माणसाला हे सगळं एका वाक्यात समजतं. तिकडे निवड जास्त असते, अर्धे नंबरही मिळतात, आणि तुमच्याकडे यायच्या-जायच्या कुणाबरोबर तो योग्य जोड पाठवू शकेल. नोव्हेंबरपर्यंत ते जमणार नसेल तर या खेपेला कॅनव्हासवर भागवा. त्याचे ते मोठे बूट घरी राहू देत. तो पुढच्या वेळी भारतात आला आणि तुमच्याबरोबर कोलाडला उतरला, तर त्याला लागतील.